पाण्याला वाट

आमच्या घराचं तोंड पश्चिमेला. समोर शेत, शेताच्या कडेला एक फणस आणि त्यापलीकडे काहीच आडवं नाही. त्यामुळे जून-जुलैत वारा सुटला की आमच्याकडे पाऊस वरून पडत नाही, समोरून चालत येतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो असं शाळेत भूगोलात शिकलो होतो. ‘त्यातला अर्धा आमच्या वसरीत,’ असं आजी म्हणायची.

पूर्वी मे संपायच्या आत आजोबा वसरीला विणलेल्या चुडतांचा आडोसा बांधायचे. पावसाळा सरला की तो निघायचा आणि वाळलेली चुडतं न्हाणीचं पाणी तापवायला जायची. आजोबा गेल्यावर काही वर्षं निळं प्लास्टिक बांधलं. ते रात्रभर फडफडायचं आणि ऑगस्टपर्यंत फाटायचं. शेवटी मी सातवीत असताना बाबांनी वसरीला ॲल्युमिनियम आणि काचेची घडीची दारं बसवून घेतली. चार झडपा, बिजागऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या, वर-खाली रूळ. ढकललं की पेटीच्या भात्यासारख्या मिटत एका कडेला जमा होतात. करणारा मिस्त्री आमच्याच वाड्यावरचा. चवथीला तो आमच्याकडे नेवऱ्या खायला येतो आणि नाताळला त्याच्या घरून आमच्याकडे दोदोल येतो.

आजीची खुर्ची त्या दाराजवळच असायची. तिथून तुळस दिसते, रस्ता दिसतो, सायकलचा भोंपू वाजवत येणारा पोदेर दिसतो, आणि कोणाकडे कोण आलं-गेलं तेही दिसतं. टीव्ही आजीने कधी लावलाच नाही. तिला हे दार पुरत होतं.

पाच-सहा वर्षं पाण्याचा थेंब आत आला नाही. मग यायला लागला. आधी रेघेएवढं पाणी, मग ताटाएवढं. दोन झडपांच्या मध्ये जे काळं रबर असतं ते कडक होऊन तडकलं होतं. खालच्या कडेला ब्रशसारखी पट्टी असते, तिचे केस झडले होते. हे मला दिसत होतं. मी तिथे जुना टॉवेल घालायचे. भिजला की पिळायचा, परत घालायचा. घरात हे काम माझं, असं कोणी न सांगता ठरून गेलं होतं.

गेल्या वर्षी जूनमध्ये मला त्या टॉवेलचा कंटाळा आला. मोबाइलवर दोन-तीन व्हिडिओ बघितले, म्हापशाहून सिलिकॉनची नळी आणली आणि एका रविवारी दुपारभर बसून दाराच्या खालच्या रुळाला जिथे फट दिसली, जिथे भोक दिसलं, तिथे सिलिकॉन भरलं. वरून बोट फिरवून गुळगुळीत केलं. बाबांनी येऊन बघितलं आणि म्हणाले, “आमची इंजिनियर!” मी आर्ट्सची.

जुलैत एका रात्री पावसाने झोडपून काढलं. पहाटे साडेपाचला आजी नेहमीसारखी उठली आणि तुळशीकडे जायला वसरीत आली. लाईट गेलेली. फरशीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पाणी होतं, पण अंधारात पाणी दिसत नाही. टॉवेल मी घातला नव्हता. आता त्याची गरज नाही असं मला वाटत होतं.

आजीच्या उजव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग वॉकर आला. तिची खाट आतल्या खोलीत गेली, खुर्ची माळ्यावर गेली, आणि ‘वसरीत एकटीने यायचं नाही’ असं सगळ्यांनी तिला बजावलं. आतल्या खोलीच्या खिडकीतून शेजाऱ्यांच्या घराची मागची भिंत दिसते. आजी ती भिंत बघत बसायची.

त्याच आठवड्यात बाबांनी मिस्त्रीला फोन केला. मी बाजूलाच उभी होते. “तुझ्या दारामुळे माझी आई पडली,” बाबा म्हणाले, आणि पुढेही बरंच काही म्हणाले. पलीकडून काही उत्तर आलेलं मला तरी ऐकू आलं नाही. त्यानंतर दोघे रस्त्यात भेटले तरी बोलेनासे झाले. गेल्या चवथीला मिस्त्री आला नाही. नाताळला दोदोलही आलं नाही.

यंदा मे महिन्यात परीक्षा संपली आणि मी ठरवलं, पावसाच्या आधी दाराचं रबर बदलायचंच.

या वेळी नीट चौकशी करून सुरुवात केली. आधी कागदाची परीक्षा. दार लावताना कागदाची पट्टी दोन झडपांच्या मध्ये धरायची आणि दार लागल्यावर ती ओढायची. अडकली तर रबर अजून दाबून धरतंय. अलगद सुटून आली तर त्या रबराचं आयुष्य संपलं. मी पंधरा ठिकाणी पाहिलं, अकरा ठिकाणी कागद सुटून हातात आला.

जुनं रबर खाचेतून ओढलं तर तुकडे होऊन निघालं. खाचेत सात-आठ वर्षांची माती आणि मुंग्यांचं घर होतं. जुन्या टूथब्रशने ती साफ केली, स्पिरिटच्या फडक्याने पुसली. रबराचा दोन इंचांचा तुकडा आणि ब्रशच्या पट्टीचा तुकडा नमुना म्हणून पर्समध्ये घालून म्हापशाला गेले. नमुना नेला म्हणून बरं झालं, कारण खाचेची रुंदी दारागणिक वेगळी असते आणि दुकानात अशी रबरं डझनभर असतात. दुकानदाराने दोन प्रकार दाखवले. पीव्हीसीचं स्वस्त, पण उन्हात लवकर कडक होतं. ईपीडीएमचं महाग, पण ऊन-वारा जास्त सोसतं. “फक्त त्याला तेल-ग्रीस लावू नका, फुगतं,” तो म्हणाला. शिवणयंत्राचं तेल लावून रबर सरकवायचा माझा बेत होता, तो तिथेच बारगळला. साबणाच्या पाण्याने काम होतं.

बारा मीटर रबर आणि सात मीटर ब्रश घेऊन आले. पहिलं रबर बसवताना मी ते ताणून ताणून बसवलं, म्हणजे कसं अगदी सरळ दिसेल! दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ते आखडून खालच्या टोकाला नखाएवढी फट पडलेली. रबर ताणायचं नसतं. उलट अर्धा इंच जास्त कापायचं आणि मागे लोटत लोटत खाचेत भरायचं, हे तेव्हा कळलं. तो तुकडा काढून नवा घातला. ब्रशची पट्टी त्यामानाने सोपी, एका टोकाने खाचेत शिरवली की सरकत जाते. दोन दिवस गेले, अंगठ्यांची सालं निघाली. पण आता कागद पंधराही ठिकाणी घट्ट अडकत होता.

मग बादली आणि मगा घेऊन बाहेर गेले आणि दारावर पाण्याचे सपकारे मारले. आठ-दहा मगे झाले असतील. आत येऊन बघितलं. झडपांच्या जोडांवरून एक थेंब आला नव्हता. पण खालचा रूळ काठोकाठ भरला होता आणि पाणी त्याच्या आतल्या कडेवरून फरशीवर सांडत होतं. गेल्या जुलैत जिथे होतं तिथेच.

आतून आजीने विचारलं, “राबलें गे उदक?” थांबलं का पाणी?

मी बाबांना न सांगता मिस्त्रीला फोन केला. तो येईल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आला, खांद्याला तीच जुनी पिशवी. पायरीवर चपला काढल्या, नव्या रबरावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “बरें बसयलां.” मग बाहेर जाऊन पायरीवर चक्क आडवा झाला आणि रुळाची बाहेरची कड बघू लागला.

“हांगाचे बुराक खंय गेले?”

इथली भोकं कुठे गेली? मला प्रश्न कळला, आणि दुसऱ्याच क्षणी सगळंच कळलं.

त्याने मला समजावून सांगितलं. आडव्या पावसात कितीही चांगलं रबर असलं तरी थोडं पाणी रुळात उतरतंच. ते तसं उतरणार हे धरूनच दार केलेलं असतं. म्हणून रुळाच्या बाहेरच्या कडेला लांबट भोकं ठेवलेली असतात. रुळातलं पाणी तिथून बाहेर पडतं. ती बुजली की रुळाची पन्हळ होते. ती भरते आणि वाऱ्याच्या जोराने आत सांडते. “उदकाक भायर वचपाक वाट जाय,” तो म्हणाला.

मग विचारलं, “हें कोणें केलें?”

मी काही बोलले नाही. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पिशवीतून कटर काढला. चार भोकं होती. प्रत्येकातून सिलिकॉनची पांढरी गुंडाळी निघाली. मी परत पाणी ओतलं. ते चार धारांनी बाहेरच्या पायरीवर पडलं. आतली फरशी कोरडी. एक झडप थोडी खाली बसली होती, तिचं चाक किल्लीने दोन फेरे उचलून त्याने ती सारखी केली. प्रश्न दुसऱ्यांदा विचारला नाही. पैसेही घेतले नाहीत.

निघताना आजीने आतून हाक मारली. तो तिच्या खोलीच्या दारात उभा राहिला. “चवथीला आला नाहीस,” आजी म्हणाली. “काम होतं,” तो म्हणाला. मी त्याच्या मागेच उभी होते. तेव्हाही तोंड उघडलं नाही.

रात्री आजीच्या पायाला तेल लावताना मी तिला सांगितलं. रबर नाही, मिस्त्री नाही, मी. मी ती भोकं बुजवली होती. आजी बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, “आतां बुराक उगडे केले गे?”

“केले.”

“मागीर जालें.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “मला सांगून काय उपयोग? मी तर पडून झाले. ज्याला बोल लागला त्याला सांग. आणि बाबाला सांग.”

बाबा जेवत होते. मी सांगितल्यावर त्यांचा हात ताटातच थांबला. ते ओरडतील म्हणून मी तयार होते. पण ते एवढंच म्हणाले, “आणि मी त्याला काय काय बोललो.” ताट तसंच ठेवून उठले, हात धुतले आणि मला म्हणाले, “चल.”

मिस्त्रीच्या घरी तेर्स म्हणून नुकता संपला होता. आम्ही बल्कांवात थांबलो. बाबांना शब्द सापडत नव्हते, म्हणून आधी मीच बोलले. मिस्त्री ऐकून घेत होता. मग म्हणाला, “सकाळीच कळलं होतं. सिलिकॉनवर बोटाचा ठसा होता. बाबाचं बोट एवढं बारीक नाही.” त्याची बायको आतून चहा घेऊन आली. बाबा आणि तो बाकावर बसले. सुरुवातीला रबराच्या भावाबद्दल बोलले, मग शेताबद्दल. माफी हा शब्द बाबांनी उच्चारला की नाही ते मला ठाऊक नाही, कारण मी थोड्या वेळाने एकटी घरी आले. बाबा परतले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.

वर्षभर मी रबराला दोष देत होते, आणि बाबा मिस्त्रीला. रबर झिजलं होतं हे खरंच, आणि ते बदलायलाच हवं होतं. पण आत येणारं अडवण्याच्या नादात बाहेर जाणारी वाट मीच बंद केली होती, आणि कळल्यावरही सांगायला एक दिवस लावला. आपल्या घरी अशी दारं असतील तर पावसाआधी रबर जरूर बघा. पण त्याआधी रुळात मगाभर पाणी ओतून ते कुठे जातं ते बघा.

जूनच्या पहिल्या जोराच्या पावसात मी पहाटे पाचलाच उठले. दाराशी टॉवेल घालून ठेवला होता, सवयीने म्हणा, भीतीने म्हणा. तो कोरडा होता. बाहेर चार धारा पायरीवर पडत होत्या.

मागून वॉकरचा आवाज आला. आजी वसरीत आली, पायाच्या अंगठ्याने फरशी चाचपून बघितली आणि खुर्चीत बसली. खुर्ची आदल्या दिवशीच बाबांनी माळ्यावरून काढली होती. मग म्हणाली, “दार थोडं उघड.”

“अगं, पाऊस आत येईल.”

“येऊं दे गे,” आजी म्हणाली. “पोदेर दिसत नाही.”