मनोर नाक्यावरचा विसावा

पालघर जिल्ह्यातील मनोर हे वस्तीने लहान, पण वाटांनी मोठे गाव आहे. मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग येथून जातो. पश्चिमेला पालघरचा रस्ता फुटतो आणि पूर्वेकडून भिवंडी-वाड्याचा रस्ता येऊन मिळतो. एके काळी वैतरणेच्या भरतीवर मालाची गलबते येथपर्यंत येत असत. आज मस्तान नाक्यावर ट्रकांची रीघ लागलेली असते.

पूर्वी वाटसरू नाक्यावर उतरला की पाणी विचारी. आता तो आधी भिंतीवरचा प्लग शोधतो. वाटेचा नकाशा फोनमध्ये, ई-वे बिलाचा क्रमांक फोनमध्ये आणि २०१६ साली यूपीआय आल्यापासून पैशाचे पाकीटही फोनमध्येच. एवढा सगळा व्यवहार एका बॅटरीवर उभा असतो.

गेल्या पावसाळ्यात भिवंडीहून कोरे कापड घेऊन एक ट्रकचालक गुजरातकडे निघाला. वाड्याच्या वाटेवर खड्डे आणि खोळंबा यांत चार तास गेले. मनोरला पोहोचेपर्यंत फोन विझला होता. तिकडे पेढीवर शेठ पुन्हा पुन्हा क्रमांक लावत होते. प्रत्येक वेळी ‘फोन बंद आहे’ एवढेच उत्तर. माल लाखांचा. मुनीमजी हलक्या आवाजात म्हणाले, “माणूस नवा आहे, शेठ.” त्या एका वाक्याने पेढीवर संशय येऊन बसला.

इकडे नाक्यावरच्या चहावाल्या मावशींनी चालकापुढे आपला फोन धरला. पण शेठचा क्रमांक त्याला पाठ नव्हता! तेव्हा मावशींनी टपरीतला पंखा काढून तो प्लग त्याला दिला. वीस मिनिटांनी पेढीवर घंटी वाजली. “शेठ, मनोरला आहे. माल सुखरूप आहे. तुम्ही जेवलात का?” शेठांना क्षणभर उत्तर सुचले नाही. दोन तासांत चालकाने काही गमावले नव्हते. त्याची पत मात्र विनाकारण पणाला लागली होती.

व्यापारी गल्ल्यात सुटे पैसे राखतो, तशीच वाटेवर विजेची शिल्लक राखावी लागते. दहा हजार मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक घेतली, तरी ती सारी वीज फोनला मिळत नाही. आतील बॅटरी सुमारे ३.७ व्होल्टची आणि बाहेर पुरवठा ५ व्होल्टने. रूपांतरातील घट धरता हाती साधारण दोनतृतीयांश येते. मोठ्या ट्रकची वीज बहुधा २४ व्होल्टची असते, मोटारीची १२. त्यामुळे चार्जर दोन्हींवर चालणारा आहे ना, हे पाहूनच घ्यावा. रेंज क्षीण असलेल्या टापूत फोन सतत सिग्नल शोधतो आणि बॅटरी लवकर उतरते; काम नसेल तेव्हा ‘विमान मोड’ लावणे हिताचे. फोन काचेमागच्या उन्हात ठेवू नये, कारण उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. सार्वजनिक ठिकाणच्या अनोळखी केबलमधून माहिती चोरली जाऊ शकते, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या आपल्या पुस्तिकेत दिला आहे. म्हणून केबल आणि चार्जर स्वतःचेच असावेत.

याच पालघर तालुक्याच्या किनाऱ्यावर, तारापूरला, १९६९ साली देशातील पहिले अणुविद्युत केंद्र सुरू झाले. आजही तेथून वीज दूरदूर जाते. पण त्या रात्री मनोरच्या नाक्यावर एका माणसाची पत राखली ती टपरीतल्या एका प्लगने.

पुढच्या खेपेला शेठांनी चालकाला स्वतःच्या हाताने चार्जर दिला आणि गाडीत एक कागद चिकटवला. त्यावर पेढीचा क्रमांक, चालकाच्या घरचा क्रमांक आणि महामार्ग मदतीचा १०३३ एवढेच लिहिले होते. मुनीमजींनी तो कागद वाचला आणि खाली आपलाही क्रमांक लिहून दिला.

मावशींनी त्या रात्री चहाचे पैसे घेतले. विजेचे घेतले नाहीत.