पाटस्थळ

धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठाकाठाने गेलं की जुने दगडी बंधारे अजून दिसतात. नाशिककडे मोसम आणि आरम या नद्यांवरही आहेत. पात्रात काळा खडक उघडा पडला असेल तिथे, त्याच्याच आधाराने घातलेली चुन्यातली भिंत. उंची बेताची, पूर यावा आणि डोक्यावरून निघून जावा, या हिशेबाने बांधलेली. या बंधाऱ्यांच्या पाण्यावरची फड बागायत तीनशे-चारशे वर्षांची असावी असं अभ्यासक मानतात. भिंती बऱ्याच ठिकाणी टिकल्या. त्यांच्या आधाराने जे उभं होतं ते एकेक करून चाललं आहे. त्याची ही नोंद.

पाट. लांबी दोन किलोमीटरपासून बारापर्यंत. तोंडाशी आता गाळ आणि वेडी बाभूळ. पुढे कुठे रस्ता रुंद करताना बुजला, कुठे शेजारच्याने दरवर्षी हातभर कोरत नांगराखाली घेतला. पाट कुठून जात होता हे ओळखायला जमिनीकडे नीट बघावं लागतं. दोन्हीकडची वावरं सपाट आणि मधूनच एक लांबोडकी खोलगट पट्टी, तिच्यात कांदा लावलेला. तेवढ्या पट्टीतली पात आजूबाजूच्या पातीपेक्षा गर्द दिसते. नदीने पिढ्यान्‌पिढ्या आणून टाकलेला गाळ तिच्या मुळाशी आहे. थोडं उकरलं की जुन्या बांधकामाचा एखादा घडीव दगड हाताला लागतो. बाकीचे कुणाच्या तरी गोठ्याच्या पायात गेले.

चाऱ्या तर पाटाच्या आधीच गेल्या. जादा पाणी नदीत परत सोडणाऱ्या वाटाही बुजल्या, त्यामुळे मोठा पाऊस झाला की पाणी वावरात तुंबतं.

फड. यातलं सगळ्यात मोलाचं हेच. एका बंधाऱ्याखालची जमीन साधारण चार फडांत वाटलेली असे. एका फडात एकच पीक. एखाद-दोन फडांत ऊस, बाकीच्यांत हंगामी पिकं. यंदा कोणता फड भिजवायचा आणि कोणता पडीक ठेवायचा, हे गाव एकत्र बसून ठरवी. बहुतेकांची वावरं प्रत्येक फडात थोडी थोडी असत. त्यामुळे पाणी कमी असलं की एखादा फड सुटायचा, पण माणूस सुटत नसे. पाटाच्या तोंडाशी जमीन असलेला आणि शेपटाशी असलेला, असे दोन पक्ष पडायला जागाच नव्हती. आज कालव्यांच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचत नाही म्हणून मोर्चे निघतात. तेव्हा ही वाटणी ज्यांनी बसवली त्या अनाम शेतकऱ्यांपुढे मान लवते. ऊस एका फडातून दुसऱ्या फडात फिरत असल्याने जमिनीला विसावा मिळे, ती चोपण होण्याचा धोकाही कमी होई.

पाटकरी, बारेकरी, जागल्या, हवालदार. पाटकरी पाणी सोडी. बारेकरी ओळीने वावरं भरी, मग ती पाटलाची असोत की विधवेची. जागल्या राखण करी, हवालदार या सगळ्यांवर लक्ष ठेवी. कोणत्या वळणावर पाट पाझरतो, कोणत्या वावराला किती वेळ दारं धरली की पुरे, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. हे कुणी लिहून ठेवायचं राहून गेलं आणि ती माणसं थकत गेली. या यादीतलं हे नुकसान मला सगळ्यात लागतं.

आठवण. अभियंते विश्वेश्वरय्या 1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. नोकरीतलं त्यांचं अगदी सुरुवातीचं काम याच खोऱ्यातलं: दातर्तीला पांझरेच्या एका प्रवाहापलीकडे पाणी नेणारं नळाचं सायफन. खानदेशातल्या किती शाळांत हे सांगितलं जातं?

हे सगळं का गेलं? खोऱ्यात वर धरणं झाली: मालनगाव, लाटीपाडा, नंतर अक्कलपाडा. लोकांना पाणी मिळालं, पण नदीची वाहती धार तुटली. काठावर विहिरी झाल्या, डोहांत मोटारी बसल्या, पात्रातली वाळू उपसली गेली. घरची मोटार असलेल्याला फडाच्या बैठकीची गरज उरली नाही. तो आला नाही म्हणून दुसरा आला नाही. त्या माणसाला दोष देणार नाही. पाटात पाणी नसताना त्याने पोरांना काय खाऊ घालायचं होतं?

उताऱ्यावर ‘पाटस्थळ’ मात्र जमिनीच्या जातीत अजून लिहिलेलं सापडतं. कागदावर ती जमीन पाटाखाली भिजते आहे.

अक्कलपाड्यातून नदीत पाणी सोडलं की खालचे बंधारे आजही भरतात. म्हणजे पाणी येऊ शकतं, खडक तिथेच आहे, भिंत डागडुजीने उभी राहील. पण दुरुस्ती म्हटलं की आपल्याकडे सिमेंटचं अंदाजपत्रक होतं. भिंतीला गिलावा होतो, फोटो निघतो आणि पाटाच्या तोंडाशी बाभूळ तशीच राहते. माझं मत स्पष्ट आहे: पाटकऱ्याच्या पगाराची सोय नसेल तर ते काम दुरुस्ती नव्हे.

पाणीवापर संस्थांना अधिकार देणारा कायदा राज्यात 2005 पासून आहे. पांझराकाठच्या गावांनी त्याचा आधार घ्यावा. या उन्हाळ्यात आधी पाटाची मोजणी मागा आणि अतिक्रमण सामोपचाराने सोडवा. मग पाऊस पडण्याआधी घरटी एक माणूस गाळ काढायला उतरवा. एक पाटकरी नेमा, त्याच्या हाताखाली गावातली दोन तरुण पोरं द्या, आणि पहिल्या वर्षी एकच फड भिजवा. ज्यांनी बारे दिले आहेत अशी म्हातारी माणसं गावात असतील, तर त्यांना आजच गाठा.