पोटावरची करवत

मांदेली ओळखायला मुंबईत कुणाला शिकवावं लागत नाही. सोनेरी झाक, नाकाडाखाली दडलेलं तोंड, डोळ्याच्या बराच मागे गेलेला जबडा आणि उंदराच्या शेपटीसारखं निमुळतं होत गेलेलं अंग. एवढ्या भांडवलावर आपल्याला मासळीतलं कळतं, असा माझा समज होता. तो उतरला मालवणात, रापणीच्या मासळीच्या टोपलीपुढे.

टोपली चांदीसारखी चमकत होती. "तारली कशी दिली, काकी?" मी ऐटीत विचारलं. शेजारच्या दोघी हसल्या.

"झिला, तारले खंय? पेडवे ते. वरसून बगतंस कित्याक? पोटार बोट फिरव."

शेपटाकडून डोक्याकडे बोट नेलं, तर ते अडलं. पेडव्याच्या पोटाच्या कडेला मागे टोकं वळलेल्या कडक खवल्यांची रांग असते. बारीक करवतच ती. मग काकीने दुसऱ्या टोपलीतली तारली माझ्या हातात ठेवली. अंग लांबट, पोट गोलसर. खवले तिलाही असतात, पण बोटाला फारसे लागत नाहीत. कल्ल्याच्या झाकणाच्या मागच्या कडेला काळा ठिपका. पेडव्याचा ठिपका पाठीवरच्या पराच्या मुळाशी असतो, तोही दिसला तर. पेडवा म्हणजे तरी एकच जात थोडीच आहे! तारलीच्या कितीतरी भावंडांना मिळून हे नाव आहे.

चकाकीवर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हताच. ती येते त्वचेतल्या ग्वानिनच्या स्फटिकांमुळे, आणि थव्याने फिरणाऱ्या बहुतेक लहान माशांकडे ती असते. पाण्यात प्रकाश परतवून शत्रूच्या नजरेतून निसटायचं, हे तिचं काम. बाजारात ती गिऱ्हाइकालाही फसवते, एवढंच.

बांगड्याच्या पिल्लाबाबत मात्र घोळ होऊ नये. त्याला पाठीवर दोन पर असतात आणि शेपटाजवळ वर-खाली सुटी पिसं. तारली-पेडव्यांच्या पाठीवर एकच पर.

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ वॅलेन्सिएन यांनी 1847 मध्ये तारलीला 'लाँगिसेप्स' म्हटलं, म्हणजे लांब डोक्याची. काकीला हे सांगितलं. तिने तारलीचं डोकं दोन बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाली, "मगे? दिसता तां."

पेडवेच घेतले. तिरफळं घालून तिखलं केलं. बारीक काटे दोघांतही पुष्कळ, तिथे ओळख काही कामाची नाही.