चौकटीतलं पॅलॅडियम

अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण हा विषय माझ्या लेखी संपलेला होता. बेन्झिल अल्कोहोलपासून बेन्झाल्डिहाइड हवं असेल तर पीसीसी, म्हणजे पिरिडिनियम क्लोरोक्रोमेट घ्यायचं, डायक्लोरोमिथेनमध्ये ढवळायचं, काळा चिकट गाळ बसला की वरचं द्रावण काढून घ्यायचं. कोरी आणि सग्ज यांनी 1975 मध्ये दिलेली ही पद्धत मी शिकले आणि पुढे वाशिम जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात वर्षानुवर्षं शिकवली. ती चालते, अल्डिहाइडवरच थांबते, आम्लापर्यंत जात नाही. त्यामुळे धातू-सेंद्रिय चौकटींमध्ये, म्हणजे मॉफमध्ये, पॅलॅडियम बसवून हेच काम हवेतल्या ऑक्सिजनकडून करून घेणारे शोधनिबंध येऊ लागले तेव्हा मी त्यांच्या विरोधात होते. परिसंवादात, एम.एस्सी.च्या वर्गात, सहकाऱ्यांशी बोलताना मी ते उघड सांगत होते. आज मी त्यांच्या बाजूची आहे, पण एका अटीवर. हे कसं घडलं ते लिहायचं आहे.

विरोधाला कारणं होती आणि ती मला आजही उथळ वाटत नाहीत. पॅलॅडियमचा जगातला बहुतेक पुरवठा रशिया आणि दक्षिण आफ्रिका या दोन देशांतून होतो, आणि त्यातला मोठा वाटा गाड्यांच्या धुराड्यातले उत्प्रेरक खातात. मार्च 2022 मध्ये, युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर, त्याचा भाव औंसाला 3,000 डॉलरच्या वर गेला होता. आमचा जिल्हा 1998 मध्ये अकोल्यातून वेगळा झाला, नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, सोयाबीन आणि तुरीवर जगतो. इथल्या मुलांनी असल्या महाग धातूवर वर्षं घालवावीत आणि शेवटी प्रत्येक नमुना मोजायला पवईला किंवा चंदीगडला पाठवावा, हे मला पटत नव्हतं. शिवाय हे सगळे निबंध एकाच साच्यातले वाटत: चौकट बनवली, पॅलॅडियम घातलं, उत्पादन 98 टक्के, पाच वेळा पुन्हा वापरलं. पाचव्या वेळीही जवळजवळ तेवढंच उत्पादन. वाचून हाती काही लागत नसे.

पहिला धक्का वजनाच्या हिशेबाने दिला. रॉजर शेल्डन यांनी 1992 मध्ये मांडलेला ई-फॅक्टर, म्हणजे एक किलो उत्पादनामागे किती किलो कचरा, हा भाग नव्या अभ्यासक्रमात आला आणि मला तो फळ्यावर सोडवून दाखवायचा होता. उदाहरण माझंच घेतलं. बेन्झिल अल्कोहोल 108 ग्रॅम. पीसीसी नेहमीच्या रीतीने दीडपट घेतलं तर साधारण 323 ग्रॅम. हाती येणार 106 ग्रॅम बेन्झाल्डिहाइड, तेही सगळं निघालं तर. बाकीचं क्रोमियमचं काळं लगद्यासारखं काहीतरी, आणि वर डायक्लोरोमिथेन वेगळंच. शेजारी ऑक्सिजनचा हिशेब मांडला: 108 ग्रॅम अल्कोहोल, 16 ग्रॅम ऑक्सिजन, त्यातून 106 ग्रॅम बेन्झाल्डिहाइड आणि 18 ग्रॅम पाणी. बाजू बरोबर जुळतात, कचरा म्हणून उरतं ते पाणी. हे दोन्ही आकडे मला आधीपासून माहीत होते. शेजारी-शेजारी मी ते कधी लिहिले नव्हते.

सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक आहे, हे आम्ही सगळेच परीक्षेत लिहीत आलो. तमिळनाडूतल्या राणीपेटला आणि कानपूरजवळच्या रनियाला क्रोमियमच्या कारखान्यांच्या कचऱ्याने भूजलाचं काय झालं, तेही वाचलेलं होतं. प्रयोगशाळेतलं प्रमाण त्यापुढे क्षुल्लक, हे खरं. पण आमच्याकडे गावागावांत विहिरी आणि बोअरवर पाणी पितात, खाली काळी माती आणि बेसॉल्ट, आणि अशा गावांतून आलेल्या मुलांना मी हे द्रव्य सवयीने हाताळायला लावत होते. त्या दिवसापासून पीसीसी माझ्या यादीतून उतरलं.

तरी पॅलॅडियमकडे मी लगेच वळले नाही. त्याची रीत देखणी आहे, एवढं मान्य केलं. अल्कोहोल दोन संयुजेच्या पॅलॅडियमला बिलगतं, कार्बनवरचा हायड्रोजन धातूकडे सरकतो, अल्डिहाइड सुटून जातं. मागे शून्य अवस्थेतलं पॅलॅडियम राहतं. ऑक्सिजनने त्याला परत दोन संयुजेत आणलं की चक्र पुरं. अडचण या शेवटच्या पावलात आहे. ऑक्सिजन पोहोचेपर्यंत शून्य अवस्थेतले अणू एकमेकांना शोधतात, चिकटतात आणि काचेवर काळा थर बसतो. पॅलॅडियम ब्लॅक. तो एकदा दिसला की उत्प्रेरक गेला समजावं. शेल्डन यांच्याच गटाने 2000 मध्ये पाण्यात विरघळणारा फेनॅन्थ्रोलिनचा लिगँड, म्हणजे धातूला धरून ठेवणारा रेणू, वापरून हे अणू वेगळे ठेवले आणि पाण्यातच, हवेने, ऑक्सिडीकरण करून दाखवलं. पण त्याला सुमारे 100 अंश तापमान आणि 30 बार दाबाची हवा लागते. तो दाब आमच्या काचेच्या चंबूत शक्य नाही.

चौकटीचा अर्थ मला इथे कळू लागला. तोवर मी चौकटीला नुसती फळी समजत होते, जिच्यावर धातू ठेवायचा. 2010 मध्ये अमेरिकेत मॉफ-253 नावाची चौकट झाली. तिच्या भिंतीच बायपिरिडीनच्या, आणि ते बायपिरिडीन अल्युमिनियममध्ये न गुंतता मोकळं राहिलेलं. पॅलॅडियमचा प्रत्येक अणू तिथे आपापल्या जागी दोन नायट्रोजनांनी धरून ठेवता येतो. शेजारचा अणू भिंतीपलीकडे. एकमेकांकडे जायला वाटच नाही. जी गोष्ट शेल्डन यांनी द्रावणात लिगँड घालून साधली ती इथे घन पदार्थाच्या रचनेतच आहे, आणि काम झाल्यावर चौकट गाळून परत मिळते. एक मोल अल्कोहोलला अर्धा टक्का पॅलॅडियम धरलं तर ते जेमतेम अर्धा ग्रॅम. तो परत मिळणार असेल तर महागाईचा माझा मुद्दा निम्मा गळून पडतो.

2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी यांना याच चौकटींसाठी मिळालं तेव्हा अनेकांनी मला विचारलं की आता तरी पटलं का. पटणं त्याआधीच सुरू झालं होतं आणि नोबेलने त्यात भर पडली नाही. उलट मधल्या काळात मी पुन्हा मागे फिरले होते, आणि त्यालाही आकडेच कारण होते.

आमच्यासारख्या ठिकाणी सगळ्यात सोपी चौकट म्हणजे यूआयओ-66. ऑस्लो विद्यापीठाची, 2008 ची. झर्कोनियमच्या प्रत्येक गाठीला बारा दुवे, म्हणून पाण्यात टिकाऊ. याघींची 1999 ची मॉफ-5 हवेतल्या ओलाव्यानेही मोडते, आणि या प्रतिक्रियेत तर पाणीच तयार होतं. यूआयओ-66 चा दुवा म्हणजे टेरेफ्थॅलिक आम्ल, पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या ज्यापासून बनतात तेच. स्वस्त, सहज मिळणारं. पण तिचे पिंजरे 8 आणि 11 अँगस्ट्रॉमचे, दारं साधारण 6 अँगस्ट्रॉमची. निबंधांत मात्र लिहिलेलं असतं की 2 ते 3 नॅनोमीटरचे पॅलॅडियमचे कण चौकटीच्या आत बसवले. तीन नॅनोमीटर म्हणजे 30 अँगस्ट्रॉम. ते 11 च्या पिंजऱ्यात कसे मावतील? एक तर ते बाहेर पृष्ठभागावर आहेत, नाहीतर आत भिंत मोडून बसले आहेत. मिल-101 चे पिंजरे 29 आणि 34 अँगस्ट्रॉमचे, तिथे ते मावतात. पण ती चौकट क्रोमियमची. तीन संयुजेचं, कमी घातक क्रोमियम, तरीही ज्याच्यापासून मी दूर चालले होते तेच.

मग माझा प्रश्न बदलला. उत्पादन किती हे विचारणं मी सोडलं आणि काम नेमकं कोणी केलं हे विचारू लागले: चंबूतल्या घनाने, की त्यातून सुटून द्रावणात उतरलेल्या धातूने? बाजार समितीत सोयाबीनचा ओलावा मोजल्याशिवाय कोणी भाव बोलत नाही, तशी ही तपासणी आधी व्हायला हवी. आणि ती करायला वाशिममध्ये सगळं आहे. प्रतिक्रिया अर्धी झाली की गरम असतानाच गाळायची. थंड होऊ दिलं तर सुटलेलं पॅलॅडियम परत घनावर बसतं आणि चोरी झाकली जाते. गाळलेलं द्रावण त्याच तापमानाला ढवळत ठेवायचं आणि टीएलसी, म्हणजे पातळ थराची क्रोमॅटोग्राफी, बघत राहायचं, 2,4-डीएनपीने अल्डिहाइडचा ठिपका पिवळा-केशरी उठवून. तो वाढत राहिला तर घन पदार्थ निमित्तमात्र होता. याशिवाय डायमिथाइल ग्लायॉक्झिम, म्हणजे डीएमजी. निकेलच्या परीक्षणासाठी ते प्रत्येक कॉलेजच्या कपाटात असतं. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ते निकेलला सोडून देतं आणि पॅलॅडियमचा पिवळा अवक्षेप देतं. अगदी सूक्ष्म प्रमाण त्याने दिसत नाही. त्यासाठी नमुना बाहेर पाठवावा लागतो, पण डोळ्यांनी पिवळं दिसलं तर पाठवायची गरजही नाही.

रिसोडकडची एक विद्यार्थिनी प्रकल्पासाठी यूआयओ-66 वर बसवलेल्या कणांवर काम करत होती, पाण्यात, पोटॅशियम कार्बोनेट घालून, कारण बहुतेक कृतींमध्ये अल्कली असते. उत्पादन छान होतं. मी तिला गाळलेल्या पाण्यात आम्ल टाकायला सांगितलं. आधी फसफसलं, मग पांढरं झालं. ती म्हणाली, "मॅडम, बेन्झोइक आम्ल असेल, थोडं जास्त ऑक्सिडीकरण झालं असेल." शंका योग्य होती. म्हणून ते उकळून पाहिलं. बेन्झोइक आम्ल उकळत्या पाण्यात विरघळतं, टेरेफ्थॅलिक विरघळत नाही. पांढरं तसंच राहिलं. चौकटच अल्कलीत मोडत होती.

पुढच्या खेपेला तिने दुवा बदलला: अमिनो-टेरेफ्थॅलिक आम्लाची तीच चौकट, त्या अमिनो गटावर पिरिडीनचा अल्डिहाइड जोडून दोन नायट्रोजनांची पकड तयार केली, तिच्यात पॅलॅडियम धरलं आणि अल्कली वगळली. प्रतिक्रिया बरीच संथ झाली. पण गरम गाळलेलं द्रावण थांबलं. ठिपका वाढला नाही, डीएमजीला पिवळं आलं नाही, आम्लाने पांढरं झालं नाही. कमी उत्पादनाचा तो तक्ता मला 98 टक्क्यांच्या तक्त्यांपेक्षा मोलाचा वाटला, आणि माझं मत पुरतं फिरलं ते तेव्हा.

माझी अट आता स्पष्ट आहे. पुनर्वापराचा तक्ता पूर्ण झालेल्या प्रतिक्रियेवर देऊ नये. दोन तासांत संपणारी प्रतिक्रिया बारा तास ठेवली तर अर्धा उत्प्रेरक वाहून गेला तरी उत्पादन तेवढंच दिसतं. सुरुवातीचा वेग दाखवा, प्रत्येक फेरीचा. चौकट बनवताना वापरलेलं डायमिथाइल फॉर्मामाइडही कचऱ्याच्या हिशेबात धरा. ते टाळणं अशक्य नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांच्या गटाने 2013 मध्ये, धातू नसलेल्या सेंद्रिय चौकटी नुसत्या खलात घोटून बनवल्या होत्या, साध्या तापमानाला. खल तर आमच्याकडेही आहे.

एक गोष्ट मात्र अजून मिटलेली नाही. हूवर आणि स्टाल यांची 2011 ची तांबं आणि टेम्पो नावाच्या सेंद्रिय संयुगाची पद्धत साध्या तापमानाला, साध्या हवेत, प्राथमिक अल्कोहोलचं अल्डिहाइड करते, आणि तांबं पॅलॅडियमच्या तुलनेत मातीमोल. बेन्झिल अल्कोहोलपुरतं बोलायचं तर मी आज तीच निवडीन. द्वितीयक अल्कोहोलला ती अडते, पॅलॅडियम तिथे चालतं. म्हणून या वर्षी एम.एस्सी.च्या प्रकल्पात दोन्ही बाजूबाजूला लावल्या आहेत, 1-फेनिलइथेनॉल या द्वितीयक अल्कोहोलवर, आणि दोन्हींच्या गाळलेल्या द्रावणाची नोंद उत्पादनाच्या रकान्याआधी ठेवली आहे.