चिमूटभर की वाटीभर?

मुलांनो, नागपूरचं सदर म्हटलं की कुणाला रेसिडेन्सी रोडची दुकानं आठवतात, कुणाला जुनी चर्च, तर कुणाला मंगळवारी बाजार. मला मात्र आठवते एक निळी बादली!

झालं असं, की पावसाळ्यात मी ताईकडे सदरला गेलो होतो. त्याच रात्री भाच्याचे मोठेबाबाही मुक्कामाला आले. भंडारा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी मालगुजारी तलाव आहे. त्यात सोडण्यासाठी त्यांनी रोहू-कटल्याची बोटुकली नेली होती. बोटुकली म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, बीज केंद्रात वाढवलेली. फुगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, खाली थोडं पाणी, वर भरलेला प्राणवायू!

भाच्याच्या हट्टापायी दहा पिल्लं बादलीत आली. सगळी एका घोळक्यात, शांतपणे फिरत होती.

“प्रवासात दगदग होते न बाबू, म्हणून पिशवीत चिमूटभर मीठ टाकलं आहे,” मोठेबाबा म्हणाले.

आमचा भाचा हुशार! चिमूटभर चांगलं, तर वाटीभर किती चांगलं? आम्ही जेवायला बसलो आणि त्यानं बादलीत वाटीभर मीठ ओतलं. थोड्याच वेळात त्याची हाक आली, “मामाजी, हे पहा न कसे करताहेत!”

घोळका पार मोडला होता. पिल्लं सैरावैरा धावत होती, बादलीच्या कडेला धडकत होती. काही वर येऊन तोंडं उघडत होती, कल्ले भराभर हलवत होती. मोठेबाबांनी चटकन गाळणीनं एकेकाला उचलून दुसऱ्या पाण्यात टाकलं. सात वाचली. तीन नाही. भाचा रात्री जेवला नाही.

सकाळी मी त्याला घेऊन फुटाळा तलावावर गेलो. सदरहून सेमिनरी हिल्सच्या बाजूनं गेलं, की हा भोसल्यांच्या काळातला तलाव लागतो. काठावर बसल्यावर त्यानं विचारलं, “समुद्रातले मासे मिठातच राहतात न? मग हे काऊन मेले?”

प्रश्न अगदी बरोबर होता. मी म्हटलं, काकडीच्या फोडींना मीठ लावल्यावर काय होतं? पाणी सुटतं. पाणी नेहमी जास्त खारट बाजूकडे ओढलं जातं. रोहूच्या रक्तात लिटरला साधारण ९ ग्रॅम क्षार असतात, आणि गोड्या पाण्यात अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. म्हणून बाहेरचं पाणी कल्ल्यांतून सारखं त्याच्या अंगात शिरतं. ते तो भरपूर लघवी करून बाहेर टाकतो, आणि निसटलेले क्षार कल्ल्यांनी पुन्हा ओढून घेतो. दिवसरात्र हेच काम! चिमूटभर मिठानं आतला-बाहेरचा फरक थोडा कमी होतो, दमलेल्या पिल्लाला विसावा मिळतो. पण वाटीभर मिठानं आपली बादली जवळजवळ समुद्रच झाली. समुद्रात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार! मग उलटंच झालं. पिल्लांच्या अंगातलं पाणी बाहेर जाऊ लागलं.

“मग समुद्रातला मासा कसा जगतो?”

तो खारं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींतून बाहेर फेकतो. काही माशांना दोन्ही जमतं. रायगडकडचा जिताडा खाऱ्या पाण्यात जन्मतो, पण गोड्या तळ्यातही वाढतो. चेन्नईच्या केंद्रीय संस्थेनं १९९७ साली त्याची पैदास करून दाखवली. मात्र त्याच्या पिल्लांना गोड्या पाण्यात नेताना खारेपणा हळूहळू उतरवावा लागतो.

अमेरिकेतल्या सामन माशाची तर गंमतच. त्याची पिल्लं नदीत वाढतात. समुद्रात जायची वेळ आली, की अंग चंदेरी होतं, कल्ले बदलतात आणि ती आपणहून खारं पाणी शोधू लागतात. ओरेगनमधल्या शास्त्रज्ञांनी टाकीत वर गोडं आणि खाली खारं पाणी ठेवून बीज केंद्रातली पिल्लं सोडली. धडधाकट पिल्लं खाली खाऱ्यात गेली. आधी त्रास दिलेली पिल्लं मात्र वरच्या गोड्या थरातच घुटमळली. खऱ्या नदीमुखाशी असं वर राहिलेल्या पिल्लांवर पक्षी झडप घालतात!

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे ते पिल्लू सांगत होतं. मला समजलं नाही.”

दुपारी आम्ही दोघंही मोठेबाबांबरोबर त्यांच्या गावी गेलो. तलावाशी पोचताच भाचा पिशवी फोडायला धावला नाही. मोठेबाबांनी बंद पिशव्या आधी पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग तोंडं सोडून तलावाचं पाणी थोडं थोडं आत घेतलं. भाचा पिल्लांकडे टक लावून बसला होता. ती घोळका करून शांत फिरू लागली, तेव्हा हळूच म्हणाला, “मोठेबाबा, आता सोडा.”

सात पिल्लं त्यानं स्वतःच्या हातानं सोडली.