मुक्काम पोस्ट पंचवटी

पत्त्याच्या आरंभी आपण ‘मु. पो.’ लिहितो, तेव्हा त्यातल्या ‘मु.’कडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. मुक्काम म्हणजे वाटेवरचा थांबा. ओझे उतरवायचे, रात्र काढायची आणि झुंजूमुंजू झाले की पुढची वाट धरायची. असा हा एका रात्रीचा शब्द आपण जन्मभराच्या घरालाही लावून टाकला आहे. संतांची शिकवण टपालखात्याने फारच मनावर घेतली असावी! आमच्या पंचवटीला मात्र हा शब्द दोन्ही अर्थांनी शोभतो. इथला सर्वांत थोर रहिवासी अयोध्येहून वनवासाला आलेला, आणि त्याचे बिऱ्हाड पर्णकुटीतले. त्याच्या मागून जे असंख्य लोक आले, ते रामकुंडात बुडी मारून, काळारामाचे दर्शन घेऊन, एखादी रात्र काढून परत गेले. लोकांच्या त्या एका रात्रीवर आमचे गाव पिढ्यान् पिढ्या जगत आले आहे.

पूर्वी हा मुक्काम तीर्थोपाध्यायांच्या वाड्यात पडे. गंमत पाहा, इतरत्र घरधन्याला यजमान म्हणतात. तीर्थाच्या ठिकाणी पाहुणाच यजमान. त्याने गावाचे नाव सांगावे, उपाध्यायांनी नामावळीची वही उघडावी आणि त्याच्या आज्या-पणज्यांची नावे त्याला वाचून दाखवावीत. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. कुणी ओसरीपर्यंत यायचे आणि कुणी अंगणातसुद्धा यायचे नाही, हे तिथे ठरलेले असे. याच काळारामाच्या दारी २ मार्च १९३० पासून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला, हे कोण विसरेल? परंतु एक गोष्ट होती. यजमानासाठी पाणी तापवणारा आणि त्याच्या पत्रावळी उचलणारा रात्री त्याच वाड्याच्या पडवीत, नाहीतर पलीकडच्या बोळात अंग टाकी. पुढे ज्यांना कोणत्याच वाड्यात थारा नव्हता अशा गोरगरिबांसाठी गाडगे महाराजांनी नाशिकला, पंढरपूरला, आळंदीला धर्मशाळा बांधल्या. त्या येणाऱ्यांसाठी. गावात राबणाऱ्यांसाठीही एक दिवस धर्मशाळा लागेल, असे त्या विचक्षण माणसाच्याही मनात आले नसेल.

१९४७ साली मुंबई प्रांतात भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. त्याचे नाव चांगले लांबलचक होते : मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण कायदा. भाडेकरूची खोली आणि प्रवाशाची खोली एकाच कायद्यात शेजारी शेजारी नांदत होत्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याने त्याची जागा घेतली; ३१ मार्च २००० पासून तो अमलात आला. नव्या नावातून हॉटेल आणि निवासगृह गळाले. मी काही कायदेपंडित नव्हे. पण माझ्यासारख्या शाळामास्तरालाही त्या जुन्या लांबलचक नावात एक शहाणपण दिसते. एका गावात जागा तेवढीच असते. ती रात्रीच्या हिशेबाने द्यायची की महिन्याच्या, हा झगडा त्या नावातच कबूल केलेला होता.

या झगड्यात कोण हरतो ते पंचवटीच्या गल्ल्यांतून फिरणाऱ्याला सांगावे लागत नाही. जुन्या वाड्यातल्या भाडेकरूचे भाडे इतके थोडे की मालक भिंतीला लिंपणसुद्धा करीत नाही. पावसाळ्याच्या तोंडी महापालिकेच्या धोकादायक घरांच्या नोटिसा निघतात. एखाद्या रात्री भिंत बसते, बिऱ्हाडे हलतात, आणि काही वर्षांनी त्या जागेवर जे उभे राहते ते पुष्कळदा लॉज असते. महिन्याला भाडेकरू जे देईल ते यात्रेकरू चार-सहा रात्रींत देऊन जातो. मग मालकाने कुणाला ठेवावे? त्याला दोष देणे सोपे आहे. त्याच्या जागी मी असतो तर मी काय केले असते, हे मला नेमके ठाऊक आहे. राहिलेल्या खोल्या मिळतात त्या अकरा महिन्यांच्या करारावर, आणि हातात आधी अनामत ठेवावी लागते. ज्याचा निम्म्याहून अधिक पगार भाड्यातच जायचा, त्याने अनामत कुठून आणावी?

ही सारी हकीकत मला पुस्तकांतून कळली नाही, ती शाळेच्या जनरल रजिस्टरातून कळली. गेल्या काही वर्षांत त्यातल्या पत्त्याच्या रकान्यात लॉजांची नावे दिसू लागली आहेत. हरसूलकडचा एक गृहस्थ मुलीचे नाव घालायला आला होता. मी विचारले, “पत्ता काय लिहू?”

“लॉजचाच लिहा, सर. तिथंच राहतो आम्ही.”

“खोलीचा नंबर?”

तो हसला. “नंबर गिऱ्हाइकांच्या खोल्यांना असतो, सर. आमची जिन्याखाली आहे.”

तो पहाटे चारला उठून यात्रेकरूंना गरम पाण्याच्या बादल्या पोचवतो. त्याची बायको चादरी बदलते, संडास धुते. दोघांचा मिळून पगार धरताना मालकाने जिन्याखालची जागा आधीच वळती करून घेतली आहे. मुलगी आता सहावीत आहे आणि हुशार आहे. दुपारी बारानंतर जी खोली रिकामी होते, तीत ती पंखा लावून अभ्यासाला बसते. नवे गिऱ्हाईक आले की दप्तर आवरून बाहेर पडते. एकदा ती मला अगदी सहजपणे म्हणाली, “सर, भूगोल मी एकशेचारमध्ये केला, पण गणिताला खोलीच मिळाली नाही.” वर्गातली मुले हसली नाहीत. त्यांच्यातल्या तिघा-चौघांना त्या वाक्यात हसण्यासारखे काही आढळले नसावे.

जिन्याखालची ती जागा म्हणजे घर नव्हे, नोकरीचाच एक कोपरा आहे. नोकरी सुटली की छप्परही त्याच संध्याकाळी सुटते. हे सर्वांना दिसले ते २५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत. लॉजांना कुलपे लागली आणि ज्यांचे घर त्या कुलपाच्या आत होते ते रस्त्यावर आले. मुंबई-आग्रा रस्त्याने कसाऱ्याचा घाट चढून उत्तरेकडे चाललेली माणसे नाशिककरांनी दिवसेंदिवस पाहिली. अडकलेल्या मजुरांना घेऊन १ मे रोजी, महाराष्ट्रदिनाच्या रात्री, नाशिकरोड स्टेशनातून भोपाळकडे खास गाडी सुटली. हरसूलकडे अशी गाडी जात नव्हती. ही मुलगी तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. त्र्यंबकपर्यंत ती चालली आणि पुढे वडिलांच्या खांद्यावर बसून गेली. त्याच वर्षी जुलैत केंद्र सरकारने शहरांतल्या स्थलांतरित कष्टकऱ्यांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना मंजूर केली, आणि त्या घरांचे हक्कदार सांगताना आतिथ्यव्यवसायातल्या नोकरांचाही उल्लेख केला. तो उल्लेख वाचून मला बरे वाटले. जिन्याखाली मात्र ती योजना अद्याप पोचलेली नाही.

हे दुखणे पंचवटीपुरते नाही. त्र्यंबकेश्वरी नारायण-नागबळीचा विधी तीन दिवस चालतो, म्हणून तिथे यात्रेकरू तीन दिवस राहतो. त्याची ताटे मांडणारा मात्र रात्रीच्या जीपने पाड्यावर परततो, आणि जीप चुकली तर स्वयंपाकघरात निजतो. गंगापूर धरणाच्या अंगाला सुलाच्या द्राक्षमळ्यात २००५ साली वाइन चाखण्याची सोय झाली. त्यानंतर त्या टापूत शनिवार-रविवारचे पाहुणे वाढले, विश्रामगृहे वाढली आणि जमिनीला सोन्याचे मोल आले. देव असो की द्राक्ष, गादी घालणाऱ्याची गादी कुठे, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे.

आता सिंहस्थ आहे. ध्वजारोहणाची तारीख ३१ ऑक्टोबर २०२६ ठरलेली आहे आणि मोठी स्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. जिन्याखालच्या त्या बिऱ्हाडाला सांगण्यात आले आहे की पर्वणीच्या काळात जादा गडी ठेवायचे असल्याने जागा लागेल. बायकापोरांना गावी पाठवावे, तू एकटा राहा. सांगणाऱ्याच्या मनात दुष्टावा नाही. २०१५ च्या सिंहस्थातही आमच्या गल्लीतल्या एका बिऱ्हाडाला असेच तीन महिन्यांसाठी जायला सांगितले होते; ते परत आलेच नाही. मी कादंबऱ्या लिहितो. कादंबरीतल्या माणसाला चार खण आणि एक खिडकी द्यायला मला एक वाक्य पुरते. या मुलीला अभ्यासापुरती एक खिडकी द्यायची तर ते वाक्य माझ्या दौतीत नाही.

साधुग्रामासाठी तपोवनातली झाडे तोडायचे घाटले, तेव्हा २०२५ च्या अखेरीस गाव त्यांच्यासाठी रस्त्यावर आले, याचा मला अभिमान वाटतो. साधुग्राम तरी किती नेटके वसवतात! प्रत्येक आखाड्याला जागा, नळ, वीज, संडास यांची आखणी कितीतरी आधी सुरू होते. ती व्हायलाच हवी. पाहुणा उघड्यावर राहू नये, ही या गावाची जुनी अब्रू आहे. पण घरदार सोडून आलेल्या विरक्तांसाठी जे गाव एक अख्खी वसाहत उभारू शकते, त्याला घर हव्या असलेल्या संसारी माणसांसाठी एक गल्ली उभारता येऊ नये? तंबू नकोत. भाड्याच्या, पक्क्या, पगाराला झेपतील अशा खोल्या हव्यात, आणि नोकरी सुटली तरी ज्यांची किल्ली परत द्यावी लागणार नाही अशा. जत्रेचा खर्च मांडताना पाण्याचा आणि विजेचा हिशेब होतो, तसाच पाणी तापवणाऱ्याच्या मुक्कामाचाही व्हावा, इतकेच माझे म्हणणे आहे.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो. सरकारी नोकरांच्या मुलांसाठी आम्ही तिथे ‘पालकांची बदली’ असे लिहितो. हरसूलच्या त्या गृहस्थाने अजून दाखला मागितलेला नाही. पण पर्वणीच्या आधी तो एक दिवस येईल आणि टेबलाशी अवघडून उभा राहील, असे मला राहून राहून वाटते. त्या रकान्यात मी काय लिहावे? ‘यात्रेकरू आले’ असे लिहिले तर ते अक्षरशः खरे होईल. पण शाळातपासणीला येणारे साहेब ते खोडायला लावतील.