गोष्टीला ऐकणारं माणूस हवं

चि. मनू,


तुझं पत्र मिळालं. तुझी लेक, छोटी, अगदी डोळे विस्फारून गोष्ट ऐकते, आणि ‘आता तू सांग बघू’ म्हटलं की चटईचे धागे उपसत बसते. फार झालं तर ‘एक ससा होता’ म्हणते आणि थांबते. शेवटी तू विचारलंस, ‘मावशी, शाळेत न घालण्याचा आमचा निर्णय चुकला का?’ त्याचं उत्तर आधी देते. या गोष्टीचा त्या निर्णयाशी काही संबंध नाही. माझी सगळी नोकरी बालवाडीत गेली. गोष्ट संपली की मुकी होणारी मुलं तिथेही दर वर्षी असायची, आणि त्यातली बरीचशी पुढे बोलून बोलून आम्हाला दमवायची.

तू म्हणतेस की तिचं लक्ष कमी पडतं. मला तसं वाटत नाही. ती सांगते कोणाला, ते जरा बघ. पुस्तक तुझ्या मांडीवर आहे, गोष्ट तूच आत्ता वाचलीस, ससा पुढे कुठे गेला हे तुला माहीत आहे, आणि तुला माहीत आहे हे तिला माहीत आहे. मग तिने सांगायचं ते कशासाठी? सहा वर्षांच्या मुलीला ते शब्दांत मांडता येणार नाही, पण आई काही ऐकायला बसलेली नाही, तपासायला बसली आहे, हे तिला बरोबर कळतं. तपासणीला उत्तर एकच, ‘माहीत नाही’. ते बोललं की सुटका होते.

श्रावणातली आदित्यराणूबाईची कहाणी आठव. माझी आई पाटावर बसून सांगायची आणि आपण मुठीत अक्षता धरून ऐकायचो. त्यात राणीला कहाणी सांगायची असते आणि ऐकायला कोणी नसतं. मग उपाशी माणसाचा शोध सुरू होतो, मोळीविक्या भेटतो, आणि राणी मोती वाटून त्याच्या हातात देते आणि त्याला कहाणी सांगते. कहाणी पाठ असलेल्या माणसापुढे ती म्हणून दाखवत नाही. ज्याने ऐकलेली नाही त्याला गाठून सांगते. छोटीच्या बाबतीत मला हेच म्हणायचं आहे. बाकी जे लिहीन ते याच्याच पोटातलं.

तेव्हा सकाळी वाच, आणि लगेच ‘सांग’ म्हणू नकोस. जेवताना तिच्या बाबाने विचारू दे, ‘आज काय वाचलंत?’ त्याने खरोखरच ते पुस्तक उघडलेलं नसावं. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना ती सांगू दे. त्या हात चालू ठेवून ऐकतील आणि मध्येच म्हणतील, ‘अगंबाई, मग?’ त्या ‘मग’ची बरोबरी तुझे सगळे प्रश्न मिळून करणार नाहीत. ज्याला खरंच कळलेलं नसतं तो अडतो तिथेच प्रश्न विचारतो: ‘थांब, हा राजा कुठून आला?’ मुलाला तिथे दिसतं की आपण एक कडी सोडली. मागे जाऊन ती कडी जोडणं, ही सांगण्यातली खरी शिकण्याची जागा आहे.

तू शार्लट मेसनच्या पद्धतीने चालली आहेस असं लिहिलंस. चांगलं आहे. इंग्लंडमधल्या अ‍ॅम्बलसाइडची ही बाई. ‘होम एज्युकेशन’ हे तिचं पुस्तक 1886 मध्ये आलं आणि 1923 मध्ये ती वारली. ऐकलेलं मुलाने आपल्या शब्दांत परत सांगायचं, हा तिच्या शिकवण्याचा कणा. पण ती पद्धत घेताना लोक तिच्या अटी गाळतात. सहा वर्षांच्या आत तिने सांगायची सक्ती ठेवलीच नाही. मुलाला हौस असेल तेव्हा, हौस असेल तेवढं. छोटी नुकतीच सहाची झाली आहे, म्हणजे मेसनबाईंच्या हिशेबानेही ही सुरुवातच. दुसरी अट, एका वेळी एक प्रसंग पुरा होईल एवढंच वाचायचं, पान-दीड पान. तू अख्खी गोष्ट वाचतेस, वर चित्रांवर बोलतेस, आणि मग सगळं परत मागतेस. तिसरी, मूल सांगत असताना दुरुस्त करायला मध्ये तोंड घालायचं नाही. आणि चौथी, एकदाच वाचायचं. ही अट मला सर्वांत मोलाची वाटते. परत वाचून मिळणार आहे हे ठाऊक असलं की कान सैलावतात.

आठवून सांगण्याला मेसनबाईंनी एवढं महत्त्व का दिलं याला पुढे चांगला आधार मिळाला. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी 2006 मध्ये कॉलेजच्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने पाहिलं तर आठवून लिहिणारे. प्रयोग मोठ्या मुलांवरचा आहे, पण आठवायची धडपड हाच अभ्यास असतो हे मी बालवाडीतही पाहिलं आहे. छोटी दोन वाक्यं सांगून थांबली तरी त्या दोन वाक्यांसाठी तिने आत बरीच शोधाशोध केलेली असते. ती वाक्यं घे आणि तिला खेळायला सोड.

आता मुद्द्याची गोष्ट. सांगितलेल्यापेक्षा गाळलेल्याकडे जास्त लक्ष दे. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट तुला पाठ आहे. आमच्या वर्गातली एक मुलगी ती अशी सांगायची: म्हातारी लेकीकडे गेली, तूप-रोटी खाल्ली, जाड झाली, भोपळ्यात बसली, घरी आली. ओळीत सगळं बरोबर. मी विचारलं, ‘ती भोपळ्यात का गं बसली?’ पोरगी म्हणाली, ‘पाय दुखले म्हणून.’ म्हणजे जाताना वाटेत वाघ भेटला, ‘आत्ता खाऊ नकोस, लठ्ठ होऊन येते, मग खा’ असं म्हातारीने त्याला कबूल केलं, हे तिच्या कानांवरून नुसतं गेलं होतं. सगळी गोष्ट ज्या खुंटीवर टांगली आहे ती खुंटीच नव्हती. पाठांतराची परीक्षा घेतली असती तर ती पास झाली असती.

मी काही समजावलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही गोष्ट खेळलो आणि तिलाच वाघ केलं. म्हातारी झालेली पोर समोरून आली, वाघाने झडप घातली, म्हातारी म्हणाली, ‘आत्ता माझ्या अंगात नुसती हाडं आहेत.’ आता वाघाला ठरवायचं होतं, सोडायचं की खायचं. ती थांबली, विचार केला, म्हणाली, ‘बरं, पण नक्की ये हं.’ मग परत येणाऱ्या भोपळ्याची तिनेच वाट पाहिली. त्यानंतर ती गोष्ट सांगताना वाघाजवळ आली की तिचा आवाज बदलायचा. कळल्याचं लक्षण तेच होतं. तेव्हा छोटीला खेळू दे. उशी भोपळा होते, ओढणी नदी होते. तिला चित्र काढायचं असेल तर काढू दे आणि चित्रावर बोट ठेवून सांगू दे. आम्ही चिंचोके मांडायचो: एक घटना झाली की एक चिंचोका पुढे सरकवायचा. हाताला काम असलं की घाबरलेली जीभ मोकळी होते.

दुसरं, तू वाचतेस त्या पुस्तकातल्या किती वस्तू तिने पाहिल्या आहेत? तू विहिरीतल्या कोल्ह्याची गोष्ट निवडलीस. तुमच्या सोसायटीत विहीर नाही, रहाट नाही, पोहरा नाही. एक पोहरा खाली गेला की दुसरा वर येतो, हे ज्याने पाहिलेलं नाही त्याला कोल्हा वर कसा आला हे कळणार नाही, आणि न कळलेलं सांगता येणार नाही. याला ‘आकलन कच्चं’ म्हणायचं नाही. रेश्ट आणि लेस्ली या दोन बायकांनी 1988 मध्ये अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला होता. त्यांनी मुलांना लाकडी खेळाडू मैदानावर हलवून आणि तोंडाने तो सांगायला लावला. वाचनात मागे पडलेली पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा कितीतरी चांगलं सांगू शकली. म्हणून वाचण्याआधी एखादी दोरी आणि दोन पेले घेऊन रहाट करून दाखव. नाहीतर आजोळी गेलात की खरा दाखव. शब्दाचा अर्थ वाचता वाचता सांगायला थांबू नकोस, गोष्ट तुटते.

त्याहून बरं, काही दिवस पुस्तक बाजूलाच ठेव आणि गोष्ट तोंडाने सांग. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये बालमंदिर सुरू केलं, आणि त्यांच्या ‘दिवास्वप्न’मधला मास्तर गोंधळ घालणाऱ्या वर्गाला आधी गोष्टीच सांगतो. ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करून आल्या, 1945 मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी जे उभं केलं, त्यात आम्हा बालवाडीवाल्यांची मुळं आहेत. आम्हाला शिकवलेली पहिली गोष्ट ही की, गोष्ट सांगताना डोळे मुलावर हवेत. पुस्तकावर डोळे असले की छोटी कुठे हरवली ते तुला दिसत नाही. तोंडाने सांगताना दिसतं: भुवया जवळ येतात, मान वळते. तिथे तू वेग कमी करतेस, तेच वाक्य पुन्हा म्हणतेस, आणि तिला काही विचारावंच लागत नाही.

सुरुवातीला अशा गोष्टी घे ज्यांचा क्रम चुकवू म्हटलं तरी चुकत नाही. गिजुभाईंच्या संग्रहातली सात शेपटांच्या उंदराची घे. पोरं चिडवतात, तो न्हाव्याकडे जाऊन एक शेपूट कापून येतो, मग सहा, मग पाच. ती गोष्ट सांगताना मूल अडकलं तरी आकडा त्याला पुढे ओढतो. चिऊ-काऊची तशीच. मोठ्यांना कंटाळा आणणारी ती पुनरुक्ती लहान मुलाला हात धरायला असते. परीकथा, पुराणातली लांबलचक आख्यानं, प्राण्यांची माहिती, हे सगळं नंतर.

तिच्या भाषेची काळजी तू उगाच करतेस. ‘मग… मग… मग…’ असंच ती सांगणार. ‘म्हणून’, ‘तरीसुद्धा’, ‘तोपर्यंत’ हे हळूहळू येतं, आणि तुमच्या बोलण्यातूनच येतं. मध्ये इंग्रजी शब्द आले तर येऊ देत. इंग्रजी पुस्तक ऐकून ते तिने आजीला मराठीत सांगितलं तर फारच उत्तम. त्यात शब्द उसने घेता येत नाहीत, अर्थ समजलेलाच असावा लागतो. तिने ‘ती ससा’ म्हटलं तर त्या वेळी दुरुस्त करू नकोस. नंतर सहज बोलताना तू ‘तो ससा’ म्हण, पुरे.

ती अक्षरं जोडून वाचू लागली आहे, तर ऐकवणं आता कमी करू का, असं विचारलंस. मुळीच नको. गॉफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये सोपी मांडणी केली होती: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा ऐकून समजणं. गुणाकार आहे, तेव्हा एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य. तिची अक्षरं आज रांगताहेत, पण कान केव्हाचे चालताहेत. तिला स्वतः वाचता येणारं पुस्तक आणि तिला ऐकून समजणारं पुस्तक यात पुढची काही वर्षं बरंच अंतर राहील. ते अंतर तुझ्या आवाजाने भरायचं आहे.

आणि एक काम लवकर कर. तू लिहिलंस की तिला वरचेवर सर्दी होते आणि टीव्हीचा आवाज ती वाढवते. कानाच्या डॉक्टरांना दाखव. लहान मुलांच्या कानाच्या पडद्यामागे कधी कधी पाणी साचतं, दुखत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. काही दिवस बरं ऐकू येतं, काही दिवस दबकं. अशा मुलाला निम्मी गोष्ट ऐकूच आलेली नसते आणि आपण त्याला ‘लक्ष दे’ म्हणतो. तिच्या पाठीमागून हळू हाक मारून बघ. शंका आली तर तपासणीसाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. श्रवण आणि वाचा यांचंच काम तिथे चालतं. काही निघालं नाही तर उत्तम. हे आधी कर, बाकीचं नंतर.

तिच्या काकांनी तिसरीच्या परीक्षेचं काढलं त्याचं मनावर घेऊ नकोस. मुक्त विद्यालयाची तिसरीच्या बरोबरीची परीक्षा आहे आणि ती वेळ आली की देता येईल. आत्ता तिने कोणाला तरी गोष्ट सांगावी एवढंच मला हवं आहे.

माझ्यापासूनच सुरू कर. रविवारी संध्याकाळी फोन लाव आणि तू खोलीतून बाहेर जा. तू नवीन आणलेलं ते हत्तीचं पुस्तक मी पाहिलेलं नाही, तिला तसं सांग. दुकानात मिळालं तर आधी वाचून ठेव असं कोणी मला सुचवू नका. मी मध्ये मध्ये विचारीन, कारण मला खरंच कळायचं नाही. ती थांबली तर मीही थांबेन. फोनवर शांतता आहे म्हणून धावत आत येऊ नकोस.

जावयांना आणि सासूबाईंना नमस्कार. छोटीला गोड पापा.

तुझी,
मावशी